कुस्ती, ज्युदो की जिउ-जित्सू : मी माझा खेळ कसा निवडला

कॉलेजात मी कबड्डी खेळायचे. डावा कोपरा माझा. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायचा आणि बाकीच्या येईपर्यंत सोडायचा नाही, एवढंच काम. पण ते मला मनापासून आवडायचं. पुढे उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, शस्त्रक्रिया झाली, नोकरी लागली, लग्न झालं, लेक झाली, आणि खेळ सुटला तो सुटलाच. मधल्या काळात चालणं, योगासनं, जिम सगळं केलं. अंगाला ते मानवलंही. पण समोरच्याने जोर लावावा, तो आपण अंगावर झेलावा आणि तरीही पकड सोडू नये, हे ट्रेडमिलवर कुठून मिळणार?

चाळिशी जवळ आली तेव्हा ठरवलं की पुन्हा पकडीचाच खेळ धरायचा. कुस्ती, ज्युदो, ब्राझिलियन जिउ-जित्सू, सांबो ही नावं ऐकून माहीत होती. त्यातला सर्वांत भारी कोणता, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. या वयाला, या गुडघ्याला आणि माझ्या ५४ किलो वजनाला कोणता खेळ सोसेल आणि मला हवं ते देईल, एवढंच शोधायचं होतं.

आधी हवं ते काय, हे वहीत लिहून काढलं. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत माझं काम आहे, दुसरी पाळी असली की घरी यायला रात्र होते. एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाने खाली पाडून दाबून धरलं तर त्याच्याखालून सुटता यावं, ही पहिली गोष्ट. दुसरी, जे काही करीन ते साठीपर्यंत करता यावं. दोन वर्षांत गुडघा पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जायला नको. तिसरी गोष्ट लिहिताना हात जरा थबकला, पण लिहिली: एकदा तरी स्पर्धेत उतरायचंय. शिट्टी, पंच, समोर अनोळखी खेळाडू, हे सगळं पुन्हा एकदा.

पकडीचेच खेळ का, कराटे किंवा बॉक्सिंग का नको, असं घरात विचारलं गेलं. कार्यालयात आमच्यासाठी दोन तासांचं स्वसंरक्षण शिबिर झालं होतं. मनगट कसं सोडवायचं, कोपर कुठे मारायचं, सगळं दाखवलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मनगट खरंखुरं घट्ट धर. त्याने धरलं. शिबिरातली युक्ती करून पाहिली, मनगट सुटेना. शिबिरात ते सुटत होतं कारण धरणारी मैत्रीण सोडून देत होती. ठोसे पूर्ण ताकदीने मारून रोज सराव करता येत नाही, डोक्याला मार बसतो. पकडीच्या खेळात मात्र समोरचा पूर्ण जोर लावत असताना रोज सराव होऊ शकतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्या विचाराचं मर्म हेच होतं. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले सरावात इजा करणारे प्रकार बाजूला काढले, की उरलेले पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या जोडीदारावर वापरता येतात. आपल्या तालमीत तर ही रीत फार जुनी. वस्तादासमोर पोरं रोज लढत करतात ती खरीच असते.

म्हणून सुरुवात आजोळापासून केली. माझं आजोळ करवीर तालुक्यातलं. मामा तरुणपणी गावच्या तालमीत होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, "आता ह्या वयात माती लावून घेतीस व्हय अंगाला?" पण दिवाळीच्या सुट्टीत स्वतः गाडी काढून मला घेऊन गेले. आधी त्यांनी मला खासबाग मैदान दाखवलं, कारण त्यांच्या मते ते पाहिल्याशिवाय कुस्तीबद्दल बोलूच नये. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं हे मैदान. आखाडा मधोमध आणि भोवतीने वर चढत गेलेल्या बैठका, त्यामुळे मागच्या माणसालाही कुस्ती दिसते. मामा एका जागी बसून राहिले आणि कोण कोणाशी कसा लढला ते सांगत गेले. श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले ते त्यांनी असं सांगितलं, की जणू तेव्हा तेच खंचनाळेंच्या पाठीशी उभे होते.

बहुतेक जुन्या तालमींत बायकांना मातीत उतरू देत नाहीत. पण जवळच एका गावात मुलींसाठी कुस्ती केंद्र आहे, तिथे अर्ध्या भागात माती आणि अर्ध्या भागात मॅट. पहाटे पोहोचलो तेव्हा मुली फावड्याने माती उकरत होत्या. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात हे ऐकलं होतं; पण हात घातल्यावर कळलं की ती किती मऊ आणि ओलसर असते. मूठ दाबली की गोळा होतो, सोडली की फुटतो. अंग घामाने निसरडं झालं की मुली मूठभर माती उचलून समोरच्या मुलीच्या मानेला, दंडाला लावतात, म्हणजे पकड बसते. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी माझ्याशी खडाखडीला, म्हणजे समोरासमोर हात भिडवायला, उभी राहिली. तिने माझ्या मानेवर हात टाकला, जरा ओढलं, मी मागे रेटलं, आणि त्याच क्षणी ती खाली जाऊन माझा एकेरी पट घेऊन मोकळी झाली. पाय तिच्या हातात कधी गेला ते मला कळलंही नाही. तिच्या वयाच्या तिप्पट असलेली मी, पाठीवर. वस्ताद लांबूनच म्हणाले, "चित."

मातीतल्या कुस्तीचा परंपरेने आलेला निकाल एवढाच असतो. पाठ मातीला लागली की संपलं. गुण मोजायचे नाहीत, पूर्वी वेळेचीही मर्यादा नसे. त्यामुळे तालमीत शिकलेल्या माणसाच्या अंगात एक गोष्ट खोल मुरलेली असते: काहीही होवो, पाठ टेकू द्यायची नाही. पडलो तर पालथं पडायचं. त्या मुली झोपेतही कुशीवरून पालथ्याच वळत असतील असं मला वाटलं.

मॅटवरची कुस्ती वेगळी. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, ताबा घेतला की दोन गुण, प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकललं की एक, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. मातीतला मल्ल मॅटवर गेला की त्याला सगळं नव्याने शिकावं लागतं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेले. मॅट नवी, नियम नवे, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर कुस्तीत पुढचं पदक यायला २००८ उजाडावं लागलं.

वस्तादांशी मी मोकळेपणाने बोलले. ते म्हणाले, "ताई, डाव शिका, बैठका मारा, कुणी नको म्हणत न्हाई. पण लढायचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ पाहिजे. नोकरी करून हे हुईत न्हाई." त्यांनी गुडघाही पाहिला. पट काढताना पुढच्या गुडघ्यावर खाली जावं लागतं, आणि ते हजारदा करावं लागतं. "ह्या गुडघ्यानं पट काढू नका," एवढंच बोलले. कुस्तीत पटच काढायचा नाही तर मग करायचं काय, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. शिवाय प्रौढ वयात नव्याने शिकणाऱ्या बाईला लढायला जोड कुठून मिळणार? तिथली प्रत्येक मुलगी सतराच्या आतली होती.

कुस्तीबद्दलचं माझं प्रेम मात्र त्या पहाटेनंतर दुप्पट झालं. ताकद, दम, तोल, धाडस हे सगळं एका ठिकाणी हवं असेल आणि वय लहान असेल, तर मला दुसरं काहीही इतकं पुरं वाटत नाही. आमच्या लहानपणी गावातल्या मुलीने कुस्ती शिकायची म्हटलं असतं तर घरच्यांनी वेड्यात काढलं असतं. आता २०२३ पासून महिलांसाठीही महाराष्ट्र केसरीची गदा आहे. त्या मुलींना मी विचारलं, काय व्हायचंय? एकीने मान वर न करता उत्तर दिलं, "पोलीस." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ऑलिंपिकमधल्या खेळाचं प्रमाणपत्र हाताशी असलं की खेळाडूंच्या राखीव जागांमधून नोकरी मिळू शकते, हा हिशेब त्या पोरींना पक्का माहीत आहे आणि तो रास्त आहे. हे उद्दिष्ट असेल तर निवड सोपी आहे: मॅटवरची कुस्ती किंवा ज्युदो. माझं उद्दिष्ट ते नव्हतं.

पुण्याला परतल्यावर ज्युदोच्या वर्गाला जाऊ लागले. एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी मॅट अंथरून वर्ग चालायचा. शिकवणारे सर साठीचे, आवाज मऊ, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की बरेच दिवस तुम्ही फक्त पडणार आहात. झालंही तसंच. मागे पडायचं, कुशीवर पडायचं, पुढे कोलांटी घेऊन पडायचं. हनुवटी छातीला टेकलेली, म्हणजे डोकं मागे आपटत नाही, पाठ गोल, आणि अंग टेकतं त्याच क्षणी अख्खा हात, तळव्यापासून खांद्यापर्यंत, मॅटवर थाडकन आपटायचा. याला उकेमी म्हणतात. सुरुवातीला माझा हात अंगाच्या आधीच पोहोचायचा आणि मनगटावर भार यायचा. सर म्हणायचे, "हात पुढे जाऊन जमीन शोधतोय. त्याला थांबायला शिकवा." पडताना हात पुढे करणं ही माणसाची उपजत सवय आहे आणि मनगटं मोडतात ती त्यानेच. ती सवय मोडायला मला ज्युदोतलं दुसरं काहीही शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

उकेमी शिकता शिकता माझ्या वहीतल्या यादीत चौथी ओळ आली. माझ्यावर कोणी हल्ला करील याची शक्यता किती, आणि पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून, न्हाणीघरात, गाडीवरून मी पडेन याची किती? आईचं खुब्याचं हाड घरातल्या घरात पडून मोडलं होतं. बाईला वय वाढल्यावर ज्या शत्रूला तोंड द्यायचंय तो बहुतेकदा जमीनच असतो. जमिनीवर नीट पडायला ज्युदोइतकं बारकाईने कोणी शिकवत नाही, हे मी सगळीकडे जाऊन आल्यावर खात्रीने सांगते.

ज्युदोत मला गुंतवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे केइको फुकुदा. कानो यांची ही शिष्या, उंची पाच फुटांहून कमी. बाई म्हणून तिला पाचव्या दानच्या, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पाचव्या पायरीच्या, वर कितीतरी वर्षं जाऊ दिलं नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन ती शिकवत राहिली, आणि २०११ मध्ये तिला तिथल्या ज्युदो संघटनेने दहावा दान दिला तेव्हा ती अठ्ठ्याण्णव वर्षांची होती. साठीपर्यंत करता यावं असं मी लिहिलं होतं. इथे शंभरीला टेकलेली बाई मॅटच्या कडेला बसून शिकवत होती.

पण रँडोरी सुरू झाली, म्हणजे पूर्ण जोर लावून सरावाची लढत, आणि गुडघा बोलायला लागला. ज्युदोत समोरच्याला पूर्ण पाठीवर, वेगाने आणि ताकदीने फेकलं की इप्पोन, सामना तिथेच संपतो. साहजिकच सगळा जीव फेकण्यात असतो. फेकताना एका पायावर वळावं लागतं, आणि फेकला जाणारा पाय रोवून वाचायला बघतो. मी पाय रोवणारी, कबड्डीची सवय. एकोणीस वर्षांच्या मुलीने माझा तोल मागे घालवत आडवा पाय लावला, माझा उजवा पाय जमिनीला चिकटलेला राहिला आणि गुडघा आतल्या बाजूला गेला. दोन आठवडे सूज उतरली नाही. तिची काही चूक नव्हती, डाव नियमातला होता. फिजिओथेरपी करणारी माझी मैत्रीण शांतपणे म्हणाली, "पडणं शीक, पण फेकाफेकी तुझ्या गुडघ्याला नको."

पहिल्या उद्दिष्टाचंही तिथे पुरतं समाधान होत नव्हतं. ज्युदोत जमिनीवरचं काम आहे, उत्तम आहे. २० सेकंद दाबून धरलं की इप्पोन, गळा आवळणं आणि हाताच्या सांध्याचे डावही आहेत. पण स्पर्धेत जमिनीवर काही घडत नाही असं दिसलं की पंच लगेच उभं करतात, म्हणून वर्गातही त्याला वेळ कमी मिळतो. शिवाय पाय धरायला २०१० पासून निर्बंध आले आणि पुढे पूर्ण बंदी झाली. म्हणजे त्या बारा वर्षांच्या मुलीने मला पाडलं तो पट ज्युदोच्या स्पर्धेत चालतच नाही. माझ्यासारख्या घोटा धरणाऱ्या बाईला हे जरा जडच गेलं.

सांबोबद्दल लवकर आटोपते. सोव्हिएत रशियातला हा खेळ, जाकीट आणि चड्डी घालून खेळतात, पायाच्या सांध्याचे डाव त्यात चालतात. ते ऐकूनच फिजिओ मैत्रिणीने नाही म्हटलं, आणि माझ्या घरापासून जाता येईल असा वर्गही सापडला नाही. खेळ कितीही चांगला असला तरी पाळी संपवून जिथे पोहोचता येत नाही तो आपला नाही.

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या जिममध्ये मी सर्वांत शेवटी गेले, कारण फी जास्त होती आणि तिथे येणारे बहुतेक तरुण पुरुष होते. मूळ ज्युदोचंच. कानोंच्या कोदोकानमध्ये शिकलेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले, त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबात गेली आणि तिथे ती जमिनीवरच्या लढतीकडे वळत गेली. नाव नोंदवण्याआधी मी एक वर्ग नुसता कडेला बसून पाहिला. नव्या आलेल्यांशी जुने कसे खेळतात, शिकवणारा स्वतः सगळ्यांशी खेळतो का, कोणी मॅटवर हाताने थाप मारून हार मानली की समोरचा लगेच सोडतो का, हे बघितलं. शिकवणाऱ्याला सरळ विचारलं, की एखाद्या जोडीदाराशी खेळायचं नसेल तर कारण न देता नाही म्हणता येईल का? तो म्हणाला, "ताई, इथे प्रत्येकाला येतं. मलासुद्धा नाही म्हणू शकता." दोन बाया तिथे आधीपासून होत्या. त्यांच्याशी चहावर बोलले आणि मगच पैसे भरले. परपुरुषाच्या अंगाला अंग लावून खेळायचं, हा विषय आपल्याकडे बायका मोठ्याने बोलत नाहीत, पण मनात असतोच. माझ्याही होता. सासूबाईंच्या तर फारच. त्यांना एकदा वर्गाला घेऊन गेले. अर्धा तास पाहून त्या म्हणाल्या, "यात कोणाला दुसरं काही सुचायला सवड कुठंय?" आणि विषय संपला.

तिथला एक अनुभव मी नीट सांगते, कारण माझी निवड त्यातच झाली. ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा एक जोडीदार माझ्या पोटावर दोन्ही बाजूंना गुडघे टेकवून बसला. याला माउंट म्हणतात, स्पर्धेत याचे चार गुण. त्याने हाताने काहीच केलं नाही, फक्त छाती खाली आणून वजन टाकलं. माझा श्वास वरच्या वर राहिला. डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली आणि मी दोन्ही हातांनी त्याची छाती ढकलत सुटले. काही सेकंदांत हात संपले. मी थाप मारली, तो लगेच उठला. शिकवणारा शेजारी येऊन बसला. "ढकलू नका. हात लांब केलात तर हात त्याचे. कोपरं बरगड्यांना चिकटवा. श्वास नाकाने, छोटा छोटा. त्याचा एक हात धरून ठेवा, त्याच बाजूचा पाय आपल्या पायाने अडकवा. आता टाचा ढुंगणाजवळ, कंबर उचला, सरळ वर नाही, त्या अडकवलेल्या बाजूच्या खांद्यावरून." जोडीदार पुन्हा बसला. पहिल्यांदा तो हललाही नाही. पण कंबर खांद्याच्या दिशेने गेली तेव्हा त्याचं वजन एका बाजूला गेल्याचं मला स्पष्ट जाणवलं, आणि तो तोल सावरायला हात टेकायला गेला तर हात माझ्याकडे अडकलेला. काही महिन्यांनी तोच जोडीदार, पूर्ण जोर लावत असताना, मी उलटवला. तो खाली, मी वर. माझ्या वहीतली पहिली ओळ तिथे, त्या घामट मॅटवर, खरी झाली.

याच जिममध्ये मला खेळांची निवड कशावर करायची ते उमगलं. ज्युदोच्या सवयीने, आणि त्याआधी पाहिलेल्या कुस्तीच्या धाकाने, मी अडचणीत आले की पालथी व्हायचे. ज्युदोत पालथं होऊन अंग आवळून धरलं की थोड्या वेळात पंच उभं करतात. कुस्तीत पालथं पडणं म्हणजे निदान चित नाही. समोरचा भारंदाज मारून, म्हणजे पालथ्याला विळखा घालून फिरवून, गुण घेईल, पण कुस्ती संपत नाही. १९१० मध्ये लंडनला गामा पैलवानासमोर झ्बिश्को नावाचा पोलिश मल्ल अडीच तासांहून जास्त वेळ बहुतेक असाच मॅटला चिकटून राहिला आणि गामालाही त्याला चित करता आलं नाही. आणि जिउ-जित्सूत मी पालथी झाले त्या क्षणी जोडीदार पाठीवर चढला, पाय माझ्या मांड्यांत अडकवले आणि हात गळ्याखाली सरकवला. पाठीवर ताबा म्हणजे चार गुण आणि मग गळा. तीच हालचाल एका खेळात ढाल, दुसऱ्यात वेळ काढणं आणि तिसऱ्यात हार.

म्हणून कोणी विचारलं तर मी आता असं सांगते, की त्या खेळात माणूस कशाने हरतो ते आधी बघा. ज्याने हरतो ते टाळणं तुमच्या अंगात भिनणार आहे, तुम्हाला हवं असो वा नसो. पाठ टेकण्याने हरतात तिथे तुम्ही पायावर भक्कम व्हाल. फेकलं जाण्याने हरतात तिथे तोल आणि पडणं शिकाल. गळा किंवा सांधा सापडल्याने हरतात तिथे पाठीवर पडलात तरी शांत राहून काम करायला शिकाल. मला घाबरवणारी जागा होती खाली सापडण्याची. ती जागा जिउ-जित्सूत सर्वांत नीट ओळखीची होते, कारण तिथे पाठीवर असणं हा शेवट नसतो. पायांनी समोरच्याला अडवून, कंबर सरकवून, तिथूनच डाव सुरू होतात.

बाकीच्या ओळींशीही ते जुळलं. सरावाची बरीचशी सुरुवात गुडघ्यावर बसून होते, त्यामुळे आदळआपट कमी. वेग मला ठरवता येतो. नको असेल तर थाप मारते. गुडघ्याला इथेही धोका आहेच, पायाच्या सांध्याचे डाव कोण कोणावर करू शकतो याचे नियम पट्ट्याच्या रंगाप्रमाणे ठरलेले आहेत आणि मी जोडीदाराला आधीच उजवा गुडघा दाखवून ठेवते. बोटांचे सांधे मात्र दुखतात, गीची, म्हणजे खेळायच्या जाड जाकिटाची, कॉलर धरून धरून सकाळी मूठ वळत नाही. मॅटवरून गजकर्णासारखे त्वचेचे रोग होऊ शकतात, म्हणून घरी येताच आंघोळ आणि गी रोज धुवायला. आणि स्पर्धेत तिशीपासून पुढे वयाचे वेगळे मास्टर गट असतात, त्यातही पट्ट्याप्रमाणे आणि वजनाप्रमाणे जोड. माझ्या वयाची, माझ्या वजनाची, माझ्याइतकंच शिकलेली बाई समोर येऊ शकते. कुस्तीत माझ्यासाठी हे दार बंद होतं.

जिउ-जित्सूत जे नाही तेही सांगायला हवं. उभ्या उभ्या समोरच्याला खाली कसं न्यायचं, हे अनेक जिममध्ये जेमतेम शिकवतात. मग खऱ्या आयुष्यात काय उपयोग, असं मामांनी विचारलं, आणि त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्यासाठी मी ज्युदोच्या सरांकडे रविवारी जाणं सुरू ठेवलं आहे. रँडोरी करत नाही, फक्त उकेमी आणि उभ्याने पकडी. सरांनी याला एका शब्दानेही हरकत घेतली नाही.

मध्ये कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाबद्दल विचारलं. मुलगा दांडगा, घरात कोणी जुना पैलवान नाही, घराजवळ तालीम आहे. मी बेलाशक तालीम सांगितली. या वयात मातीतला तोल आणि दम मिळाला तर तो पुढे कोणत्याही खेळात उपयोगी पडतो. जिउ-जित्सू विशीत, तिशीत, चाळिशीतही सुरू करता येतं, कुस्तीचं तसं नाही. माझ्या लेकीला मात्र फेकणं आवडतं. ती माझ्याबरोबर रविवारी येऊन बसायची, आता सरांच्या मुलांच्या वर्गात आहे आणि मला घरी गादीवर फेकते.

आमच्या जिममध्ये नुकतीच एक मुलगी आली आहे. सांगली जिल्ह्यातली, शाळेत असताना मॅटवर राज्यस्तरापर्यंत लढलेली, आता पुण्यात नोकरीला. पहिल्या दिवशी तिला कोणीही खाली पाडू शकलं नाही, आणि खाली गेल्यावर ती पुन्हा पुन्हा पालथी होत होती. शिकवणाऱ्याशी बोलून आम्ही शनिवारचा वर्ग उभ्याने सुरू करायचं ठरवलं आहे. ती आम्हाला पटापासून वाचायचं कसं ते शिकवते, कंबर मागे टाकून, गुडघ्यावर भार न देता. आणि मी तिला पाठीवर पडून राहायला शिकवते, जे तिला अजून अजिबात आवडत नाही.